सिव्हिल की मुंबई? रायगडच्या किनाऱ्यावरचा आरोग्यसेवेचा प्रश्न

उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या रायगडच्या किनारी तालुक्यांत घरातले कोणी गंभीर आजारी पडले की दोन प्रश्न उभे राहतात. झालेय काय, आणि इथेच ठेवायचे की मुंबईला हलवायचे? बऱ्याच घरांत दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या आधी तयार असते. आजाराचे नाव कळण्यापूर्वीच गाडीवाल्याला फोन गेलेला असतो आणि मुंबईतल्या नातेवाइकाला ‘येतोय’ म्हणून निरोप. लहान गावातल्या आणि मोठ्या शहरातल्या वैद्यकीय सेवेच्या दर्जाबद्दल लोकांना काय वाटते, हा प्रश्न देशभर विचारला जातो. या किनाऱ्यावर तो जास्त टोचतो, कारण मोठे शहर इथे अगदी समोर आहे. मांडव्याच्या जेट्टीवरून बोटीत बसले की तासाभरात गेटवे. पावसाळ्यात ही बोट बंद होते आणि तेच शहर वडखळ-पेणमार्गे शंभरेक किलोमीटरवर जाऊन बसते.

आढावा घेण्याआधी एक अडचण नोंदवायला हवी. आकडेवारीच्या दृष्टीने रायगड हा फसवा जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती, आणि त्यात पनवेल तालुकाही मोडतो. कामोठ्याचे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र कागदोपत्री रायगडातच येतात. म्हसळ्याच्या माणसाला मात्र पनवेल हेच परगावचे मोठे शहर. जिल्ह्याची सरासरी काढली की खारघर आणि म्हसळा एकाच रकान्यात बसतात. या प्रश्नावर बोलणाऱ्यांचे निम्मे मतभेद, माझ्या मते, या एका रकान्यातून आलेले आहेत.

मुंबईची वाट

कोकणी माणसाची मुंबईवरची भिस्त ही काही आजची नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. कामा रुग्णालय १८८६ मधले, नायर १९२१ मधले, केईएम १९२६ मधले. मुलांचे वाडिया १९२९ मध्ये आले आणि टाटा १९४१ मध्ये. यांतली केईएम, वाडिया आणि टाटा परळ भागात आहेत, म्हणजे ऐन गिरणगावात. रायगड-रत्नागिरीचे चाकरमानी जिथे दहा बाय बाराच्या खोल्यांत राहत होते, तिथेच देशातली नामवंत रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर होती. गावाहून आलेल्या पेशंटला डबा पोहोचवायला वहिनी होती, रात्री वॉर्डाबाहेर झोपायला पुतण्या होता, केसपेपरच्या रांगेत उभे राहायला शेजारचा पोरगा होता. ‘मुंबईला चांगले होते’ या समजुतीत डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच या माणसांचाही वाटा होता. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, पुतण्या विरार-बदलापूरकडे सरकला. समजूत मात्र जागच्या जागी राहिली. आज मुंबईला नेलेल्या रुग्णामागे जो खर्च होतो त्यात राहण्या-जेवण्याचा वाटा मोठा आहे, आणि आधीच्या पिढीला तो जवळजवळ नव्हताच, हे घराघरांतल्या चर्चेत सहसा निघत नाही.

गावाकडच्या सेवेचा आराखडा वेगळ्या वाटेने आला. १९४६च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. पुढे निकष ठरले. सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र, त्याखाली उपकेंद्रे, वर ग्रामीण रुग्णालय, त्याच्यावर उपजिल्हा रुग्णालय आणि माथ्यावर अलिबागचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘सिव्हिल’. कागदावर ही उतरंड नीटस आहे.

याच किनाऱ्यावर या उतरंडीला एक पर्याय करून पाहिला गेला होता, त्याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी १९७०च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात सुमारे ३० हजार लोकवस्तीसाठी एक प्रकल्प चालवला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. क्षयरोग व कुष्ठरोगाचे रुग्ण शोधणे, गोळ्या चालू ठेवायला लावणे, बाळंतिणींवर लक्ष ठेवणे, कुटुंब नियोजन ही कामे या बायकांनी केली आणि चांगली केली. दशकभराने प्रकल्प आटोपला. गावातले सत्ताधारी आणि प्रस्थापित आरोग्ययंत्रणा यांनी तो रुचवून घेतला नाही, अशी कारणमीमांसा खुद्द अँटियांनी केली. ‘आशा’ कार्यकर्तीची देशव्यापी योजना २००५ नंतर आली. तिच्यामागच्या विचाराची एक वाट मांडव्याहून जाते. आणि तरीही, त्या बायकांच्या कामाला मांडव्याच्या लोकांनी ‘चांगली आरोग्यसेवा’ म्हटले असते का, याची मला शंका आहे. लोकांच्या लेखी आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टर, सुई आणि खाट.

कोण काय म्हणतो

पहिली बाजू मोठ्या शहराची. तिचे म्हणणे सरळ आहे: जिथे रोज पन्नास हृदयरोगी येतात तिथल्या डॉक्टरचा हात अधिक बसलेला असतो. याला संशोधनाचा आधारही आहे. जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अमेरिकेत १९७९ साली हॅरोल्ड लुफ्त आणि सहकाऱ्यांनी दाखवले आणि नंतर अनेक गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांबाबत ते पुन्हा पुन्हा दिसले. कर्करोग, बायपास, नवजात बाळाची शस्त्रक्रिया अशा वेळी मुंबई गाठण्याला पर्याय नाही, हे अलिबागचा डॉक्टरही मान्य करतो. या बाजूचा दुसरा मुद्दा विशेषज्ञांचा. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची तूट सुमारे ८० टक्के होती. इमारत आहे, यंत्र आहे, चालवणारा नाही, असे लोक म्हणतात तेव्हा ते फार अतिशयोक्ती करत नाहीत.

दुसरी बाजू जवळच्या डॉक्टरची. ती मांडतात ते लोक संख्येने कमी नाहीत, आवाजाने मात्र कमी आहेत. तालुक्याच्या गावात तीस-तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला घराण्याचा मधुमेह ठाऊक असतो, कोणाचा मुलगा पैसे पाठवत नाही हेही ठाऊक असते. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ या वाक्यात श्रद्धा आहे, पण पाठपुराव्याचा अनुभवही आहे. शिवाय मुंबईतली सार्वजनिक रुग्णालये म्हणजे जमिनीवरच्या गाद्या आणि तपासणीच्या तारखेसाठी खेटे, हे पाहून आलेले लोक गावोगाव आहेत. रक्तदाब, दमा, साधे बाळंतपण यासाठी खाडी ओलांडण्यात शहाणपण नाही, असे हे लोक म्हणतात.

सिव्हिलबद्दलचे मत या दोहोंपेक्षा वेगळे आहे आणि सर्वांत गुंतागुंतीचे आहे. ज्यांना परवडते ते तिथे जात नाहीत, पण अपघात, विषबाधा, सर्पदंश झाला की सगळ्यांची गाडी तिथेच वळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक घरांनी आपण सहसा सरकारी सेवा घेत नाही, असे सांगितले होते. कारणांत ‘दर्जा चांगला नाही’ हे सर्वांत वर होते. त्याखाली जवळ केंद्र नसणे आणि लांबलचक वाट पाहावी लागणे. ही तिन्ही कारणे किनाऱ्यावर ऐकू येतात. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले. फुकट मिळते ते हलके असणार, हा समज मात्र शासन निर्णयाने जाणारा नाही.

अलीकडे चौथा आवाज मिसळला आहे. अलिबाग-मुरूड परिसरात घरे घेतलेले मुंबई-पुण्याचे लोक, त्यांत निवृत्तीनंतर कायमचे राहायला आलेलेही. त्यांचा पहिला प्रश्न असतो ‘जवळ कार्डिॲक आहे का?’ गावकऱ्यांची तुलना पूर्वीच्या अलिबागशी असते, यांची दक्षिण मुंबईशी. एकाच रुग्णालयाला एक जण ‘पुष्कळ सुधारले’ म्हणतो आणि दुसरा ‘काहीच नाही’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात.

डॉक्टरांची स्वतःची तक्रारही इथे नोंदवली पाहिजे, कारण लोकमताच्या चर्चेत ती सुटते. लहान गावात रुग्ण दगावला तर जमाव दवाखान्यावर येतो. असे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या शांता खटल्यातल्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आलेलीच होती. या दोन्हींच्या मध्ये सापडलेला, भूलतज्ज्ञ नसलेला, रक्तपेढी लांब असलेला डॉक्टर ‘वर न्या’ म्हणतो. नातेवाइकांना त्यात कौशल्याची उणीव दिसते. तो स्वतः त्याला सावधगिरी म्हणतो. म्हणजे लोकांचा अविश्वास आणि डॉक्टरचे हात झटकणे एकमेकांना पोसतात, आणि आधी कोण आले हे आता सांगता येत नाही.

मोजल्यावर काय दिसते

दर्जा मोजायचा कसा याची चौकट अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये दिली: साधने काय आहेत, प्रत्यक्ष उपचार कसे होतात, परिणाम काय. लोकांना यातली पहिली गोष्ट सहज दिसते. फरशी, एसी, सीटी स्कॅन, रिसेप्शनवरची मुलगी. दुसरी आणि तिसरी जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून संशोधकांनी एक युक्ती काढली. प्रशिक्षित माणसे खोटे रुग्ण बनवून डॉक्टरांकडे पाठवायची आणि डॉक्टर काय विचारतो, काय लिहून देतो हे नोंदवायचे. मुंबई आणि पाटण्यात क्षयरोगाबाबत असा मोठा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी डॉक्टरांशी झालेल्या अडीच हजारांहून अधिक भेटींपैकी जेमतेम ३५ ते ३७ टक्के भेटींत रुग्णाला योग्य वाट दाखवली गेली. मुंबईचा पत्ता असला म्हणजे निदान बरोबर, असे किमान क्षयरोगाबाबत तरी म्हणता येत नाही.

मध्य प्रदेशात जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास (२०१६) आणखी बोलका आहे. सरकारी डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात बसला की तोच माणूस रुग्णाला जास्त वेळ देतो, जास्त प्रश्न विचारतो आणि योग्य उपचार करण्याची शक्यता वाढते. ज्ञान तेच, पदवी तीच, फरक फक्त खुर्चीचा. ‘सिव्हिलमध्ये बघत नाहीत, तेच डॉक्टर संध्याकाळी नीट बघतात’ हे म्हणणे किनाऱ्यावरही ऐकू येते. ती नुसती कुरकुर नाही, असे निदान त्या राज्यातला पुरावा सांगतो.

उलट दिशेचा पुरावाही आहे. बारा देशांत, त्यांत भारतही होता, केलेल्या एका इंटरनेट पाहणीत लोकांना निकृष्ट उपचारांचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी त्याला ‘चांगले’ किंवा त्याहून वरचे गुण दिले. समाधान जास्त म्हणजे सेवा चांगली, असा अर्थ लावणाऱ्यांना हा इशाराच आहे. लॅन्सेट नियतकालिकाच्या २०१८च्या आयोगाने हिशेब मांडला होता की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी टाळता येण्याजोगे सुमारे ५० लाख मृत्यू निकृष्ट उपचारांमुळे होतात आणि ३६ लाख मृत्यू उपचारच न मिळाल्याने. दवाखाना गाठला म्हणजे निम्मे काम झाले, हा आपला जुना भरवसा या आकड्यांपुढे डळमळतो.

हृदयविकाराचा झटका हे या किनाऱ्यासाठी सर्वांत व्यवहारी उदाहरण. अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होणार नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. श्रीवर्धनहून मुंबई किंवा पनवेल या वेळेत गाठून, दाखल होऊन, टेबलावर जाणे अवघड. तेव्हा तिथल्या माणसासाठी सर्वोत्तम उपचाराची सुरुवात श्रीवर्धनलाच व्हायला हवी, ईसीजी आणि इंजेक्शनाने, आणि मगच प्रवास. ‘वेळ न घालवता थेट मुंबई’ हा घरच्यांचा निर्णय प्रेमापोटी असतो, पण नेमका तोच कधी कधी वेळ घालवतो.

महाडचा विंचू

लहान ठिकाण म्हणजे दुय्यम दर्जा, या समीकरणाला छेद देणारे देशातले एक ठळक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. महाड किनाऱ्यावर नाही, सावित्रीकाठी आत आहे, पण किनारी तालुक्यांनाही ते ओळखीचे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे, त्यांत मुले बरीच, फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लेख आला. आधी ३०-४० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिले तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी महाडमध्येच केलेल्या चाचणीतून २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचू चावल्यावर रुग्णाला मुंबईला नेणे म्हणजे जाणकारापासून दूर नेणे, अशी स्थिती या एका आजारात उभी राहिली. मात्र या उदाहरणाचा आधार कुठवर घ्यायचा यावर मतभेद आहेत. काही जण म्हणतात, संधी आणि स्थैर्य मिळाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही जागतिक ज्ञान निघते. काहींचे म्हणणे असे की एका असामान्य माणसावरून व्यवस्थेबद्दल निष्कर्ष काढणे व्यवस्थेला सोयीचे असते. मला दुसरे म्हणणे जास्त पटते, जरी पहिल्याने मन सुखावते.

पैसा आणि संशय

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ग्रामीण भागात सुमारे १६,७०० रुपये आणि शहरी भागात सुमारे २६,५०० रुपये निघाला. सरकारी रुग्णालयात तो सुमारे साडेचार हजार होता, खासगीत जवळपास ३२ हजार. खर्च जास्त तिथे दर्जा जास्त, असे मानणारे आहेत, आणि खर्च जास्त तिथे संशय जास्त, असे मानणारेही. संशयाचे नाव ‘कट’. रुग्ण वर पाठवल्याबद्दल मिळणारे कमिशन. २०१३ मध्ये डॉ. बावस्करांनीच एका निदान केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत करून वैद्यकीय परिषदेकडे तक्रार नेली आणि ही कुजबुज चव्हाट्यावर आली. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी विधेयकाचा मसुदा तयार झाला. त्याचा कायदा झाला नाही. परिणाम असा की ‘मुंबईला न्या’ हा सल्ला ऐकताना नातेवाइकांच्या मनात आता तिसरा प्रश्नही असतो.

सिझेरियनचे आकडे हा संशय वाढवतात. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खासगी रुग्णालयांतली ४७ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत सुमारे १४ टक्के. यात गुंतागुंतीच्या केसेस खासगीकडे जाण्याचा वाटा किती आणि अनावश्यक शस्त्रक्रियांचा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

खर्चाची धार बोथट करण्याचा राज्याचा मोठा प्रयत्न २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजनेने सुरू झाला. पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. हीच पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली, आणि २०२३च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी, पाच लाखांपर्यंत, खुली झाली. योजनेवरची टीका किनाऱ्याला लागू पडते: कार्ड श्रीवर्धनच्या खिशात असले तरी मोठ्या उपचारांची अंगीकृत रुग्णालये बहुतेक पनवेल-मुंबईकडे असतात. म्हणजे पैसा सुटतो, प्रवास सुटत नाही. समर्थक म्हणतात, पूर्वी दोन्ही सुटत नव्हते.

बदललेले रस्ते

२०२० हे वर्ष या सगळ्याची कसोटी होते. मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि त्याच महिन्यात टाळेबंदी आली. मुंबईचा दरवाजा पहिल्यांदाच बंद झाला, उलट मुंबईची माणसे गावाकडे आली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-मुरूडच्या अनेक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या काळात जे काही उपचार झाले ते सिव्हिलने, ग्रामीण रुग्णालयांनी आणि गावच्या डॉक्टरांनी केले. त्याने लोकांचे मत सुधारले की नुसती मजबुरी अधोरेखित झाली, यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे भेटतात.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणच्या लोकांसाठी मुंबई खरोखरच जवळ आली. उरणची शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणी जुनी आहे. बंदर, कंटेनरची वाहतूक आणि अपघात पाहता ती रास्तही आहे. पूल झाल्याने ती मागणी मागे पडेल, अशी भीती काहींना वाटते. पूल म्हणजे रुग्णालय नव्हे, हे त्यांचे म्हणणे खोडणे कठीण. दक्षिणेकडे मात्र चित्र फारसे हललेले नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळले आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाने ते हाडांनी मोजले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेने फोन केल्यावर गाडी येते हा विश्वास बऱ्याच प्रमाणात निर्माण केला. ती गाडी कुठे थांबवायची, हा मुद्दा तसाच आहे.

काय सुटलेले नाही

मला जाणवते ते असे की ‘दर्जा’ या नावाखाली किनाऱ्यावरचे लोक बहुतेक वेळा खात्रीबद्दल बोलत असतात. रात्री दोनला कोणी असेल का, असेल तो हात लावेल का, लावला तर शेवटपर्यंत राहील का. मुंबईत ही खात्री एका डॉक्टरवर अवलंबून नसते, एक गेला तर दुसरा असतो. लहान गावात ती एका माणसावर असते, आणि तो लग्नाला गेला की गाव उघडे पडते. हे खरे असेल तर वाद कौशल्याचा कमी आणि पाळीचा जास्त आहे. पण लोकमताच्या पाहण्या हे असे विचारत नाहीत. ‘समाधानी आहात का’ असे विचारतात.

दुसरा न सुटलेला धागा परतीचा. मुंबईला पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे पाठवणाऱ्या डॉक्टरला सहसा नातेवाइकांकडूनच कळते, कळले तर. पाठवणे योग्य होते का, उशीर झाला का, इथेच भागले असते का, याचा हिशेब त्यामुळे लागत नाही. खासगी रुग्णालयांवरच्या देखरेखीचाही वाद चालू आहे. महाराष्ट्राने २०१०चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारला नाही. १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारून त्यात रुग्णहक्कांची सनद आणली. आरोग्य कार्यकर्ते याला अपुरे म्हणतात. लहान नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर म्हणतात की मोठ्या शहरातल्या साखळी रुग्णालयांच्या मापाचे नियम लावले तर तालुक्यातली पंधरा खाटांची रुग्णालये बंद पडतील आणि मग मुंबईशिवाय खरोखरच पर्याय उरणार नाही.

आणि तिसरा, अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. २०२१-२२ मध्ये १०० जागांनी ते सुरू झाले, कायमच्या इमारतींसाठी उसरची जागा ठरली. आशावादी म्हणतात, महाविद्यालय आले की विशेषज्ञ येतात, रात्रीची ड्युटी लावायला निवासी डॉक्टर येतात आणि सिव्हिलचे रूपच बदलते. साशंक लोक दाखवतात की राज्यातल्या नव्या महाविद्यालयांत अध्यापकांची पदेच पूर्ण भरत नाहीत, आणि जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाकडे गेले की मोफत उपचारांचे, खाटांचे, नेमणुकांचे नियम दोन खात्यांत अडकतात. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप धरली तर पहिली तुकडी बाहेर पडते ती एमबीबीएस होऊन. मुरूडला किंवा म्हसळ्याला रात्रीच्या सिझेरियनसाठी लागतो तो भूलतज्ज्ञ. त्यासाठी पुढे पदविकेची दोन किंवा पदवीची तीन वर्षे, आणि त्या पदव्युत्तर जागा अलिबागलाच निघाल्या तर निवासी डॉक्टर तरी तेवढा काळ खाडीच्या या बाजूला राहतील.